तपासणीपुरतं आजारपण

मागच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची होती, आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत ती पायाखाली दबायची. नुसती करकरत नव्हती, दबायची. भिंतीतला नळ कधीपासून झिरपत होता कुणास ठाऊक. फळ्यांना खालून आधार देणाऱ्या तुळया भिजून भिजून कुजल्या होत्या. घर विकायला काढलं तेव्हा दलालानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "घेणारा तपासनीस आणणारच. त्याआधी तुम्हीच एकदा सगळं तपासून घ्या. काय निघेल ते दुरुस्त करा, नाहीतर सरळ सांगून टाका. सांगितलेल्या दोषाला गिऱ्हाईक घाबरत नाही, लपवलेल्याला घाबरतं."

सोन्यानं मान डोलावली आणि दलालाची पाठ वळताच बायकोला म्हणाला, "याचं काय जातंय सांगायला? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

सोन्याचं वय पंचावन्न, डोक्यावर टक्कल, कचेरीत हाताखाली माणसं. पण आईनं लाडानं ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. असली माणसं स्वतःला व्यवहारी म्हणवून घेतात. व्यवहारी म्हणजे काय, तर सुताराचं दोन दिवसांचं काम टाळायला महिनोन् महिने खोटं बोलायची तयारी.

पलंगाची कल्पना मात्र बायकोची.

"तिथं कपाट ठेवलं तर तो सरकवायला सांगेल," ती म्हणाली. "आजारी माणसाला कोण सरकवा म्हणतंय? आईंचा पलंग ठेवू."

"पण आई आजारी कुठंय?"

"पडतील की चार दिवस. तुम्ही सांगितलंत तर काहीही करतील."

आई अठ्ठ्याहत्तरची, पण ठणठणीत. रोज सकाळी बाजारात जाऊन भाजी आणायची, आणि भाजीवाल्याशी भांडून यायची. सोन्यानं नवा फ्लॅट ठरवला होता तो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बघायला गेले तेव्हा आई त्याच्या आधी वर पोचली होती. रस्त्याकडच्या खिडकीची खोली तिनं पाहिली आणि तिथंच बसकण मारली. "ही माझी. बाकीच्या तुम्ही वाटून घ्या." हे घर विकलं गेलं, तरच ती खोली मिळणार होती.

"आई, थोडी आजारी पडशील का?" सोन्यानं विचारलं, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"शाळेत तुझ्या पोटदुखीच्या खोट्या चिठ्ठ्या मी दिल्या. आता माझी तू दे!"

पुढच्या उन्हाच्या खोलीतून तिचा पलंग मागच्या ओलसर खोलीत आला, बरोबर कुजक्या कोपऱ्यावर. तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं तालीम केली. तोंड वाकडं केलं, डोळे फिरवले, हात लुळा सोडला. सून दारातून बघत होती. म्हणाली, "आई, इतकं नको. जरा कमी मरा."

तिघंही हसली. सोन्या सगळ्यात जास्त हसला.

तपासनीस आला. हाडकुळा माणूस, गुडघ्यांना जाड पट्ट्या बांधलेल्या, हातात विजेरी आणि भिंतीतली ओल सांगणारं एक यंत्र. घर घेणारं तरुण जोडपं त्याच्या मागे मागे होतं. त्यानं नळ सोडले, बटणं दाबली, माळ्यावर चढून छप्पर पाहिलं. सोन्या त्याच्याबरोबर फिरला नाही. तो आईच्या उशाशी पहाऱ्याला उभा होता. तपासनीस मागच्या खोलीत आला, पलंगाकडे पाहिलं, मग सोन्याकडे.

"पलंग जरा बाजूला..."

"डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलंय हो. कमरेखाली सगळं लुळं पडलंय."

आईनं कण्हून साथ दिली.

"राहू दे आजी, पडून राहा," तपासनीस म्हणाला आणि मागच्या दारानं अंगणात गेला. तो तिकडे बराच वेळ होता. पन्हळी बघत असेल, असं सोन्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. त्यानं पलंगाशेजारची जागा काही सोडली नाही.

ती मंडळी गेल्यावर आई टुणकन उठून बसली. "कसं झालं?" तिला चहा मिळाला, शाबासकी मिळाली. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. मोजायची टेप विसरली म्हणून जोडपं परत आलं होतं. आई अशी काही आडवी झाली की चहा अंथरुणावर सांडला.

आणि तिथंच सगळं बिघडलं. जोडप्याला घर पसंत पडलं, आणि ते वेळी-अवेळी येऊ लागलं. कधी पडद्यांची मापं घ्यायला, कधी कुणा मावशीला घर दाखवायला.

"आता व्यवहार होईपर्यंत आईंनी उठायचं नाही," बायकोनं ठरवलं. "लुळी म्हणून सांगितलेली बाई बाजारात भाजी घेताना दिसली तर? तोंड दाखवायला जागा राहील का?"

भाजी बंद झाली. मग अंगण बंद झालं. मग सुनेनं अंथरुणातच भांडं द्यायला सुरुवात केली, कारण न्हाणीघराच्या वाटेवर खिडकी होती. आई सुरुवातीला त्यावर विनोद करायची. पुढे विनोद थांबले. बँकेची कामं लांबत गेली. एकदा पांघरूण सरकलं आणि सोन्याला आईच्या पिंढऱ्या दिसल्या; त्यावर मांस असं उरलंच नव्हतं. त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, उगीच त्याच्यावर आळ नको. पण 'आता थोडेच दिवस' असं स्वतःशी म्हणून त्यानं पांघरूण नीट केलं.

एकदाचं घोडं गंगेत न्हालं. सह्या झाल्या, किल्ल्या गेल्या, सामान हलवायला आठवडा मिळाला. नोंदणी कचेरीच्या पायऱ्या उतरताना जोडप्यातली तरुण मुलगी सोन्याला म्हणाली, "काका, मागच्या खोलीच्या जमिनीचं मनाला लावून घेऊ नका हं. तपासनीसानं पहिल्याच दिवशी अंगणातल्या झडपेतून फळ्यांखाली शिरून सगळं पाहिलं होतं. तुळया कुजल्यात. आम्हाला ती खोली तशीही पाडायचीच होती, म्हणून आमचं काही अडलं नाही. आजी इतक्या आजारी, त्यात तुम्हाला आणखी कशाला त्रास, म्हणून विषय काढला नाही."

झडप! लहानपणी मार चुकवायला सोन्या त्याच झडपेतून जमिनीखाली जाऊन बसायचा. गेली कित्येक वर्षं तिच्यापुढे जुनी दारं रचून ठेवली होती, आणि ती आहे हेच तो विसरून गेला होता.

घरी येऊन तो म्हणाला, "झालं आई. ऊठ."

आईनं हौसेनं पाय खाली सोडले, उभी राहिली आणि भुईवर कोसळली. "पडून पडून मुंग्या आल्यात," ती कसनुसं हसून म्हणाली. त्यांनी पुन्हा उभं केलं, ती पुन्हा बसली. गुडघे वाकले ते सरळच होईनात.

सोन्याची बायको त्याला दुसऱ्या खोलीत घेऊन गेली. "तीन मजले आहेत. लिफ्ट नाही. कोण उचलणार रोज?"

"येईल ताकद. व्यायाम केला तर..."

"आणि तोवर? मी आता भांडी देणार नाही."

सोन्या आईपाशी परतला. वाटेतल्या पाच पावलांत त्याला नवं खोटं सुचलं, आणि ते इतकं सहज सुचलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आई, घोटाळा झाला. आत्ताच फोन आला, व्यवहार अडलाय. त्यांना तुझ्या आजाराची शंका आलीय. थोडे दिवस तू एखाद्या शुश्रूषागृहात राहिलीस, तर खात्री पटेल त्यांची."

"बघ, सून म्हणाली कमी मरा. जास्तच मरायला हवं होतं!" आई म्हणाली. गेली बिचारी.

सोन्याचं बिऱ्हाड फ्लॅटमध्ये गेलं. रस्त्याकडच्या खिडकीच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आलं, सुनेची शिलाई आली, न लागणाऱ्या बॅगा आल्या. सोन्या रविवारी आईला भेटायला जाई. एका रविवारी व्यायाम करून घेणारी मुलगी त्याला बाहेरच भेटली. ती वैतागली होती.

"तुम्ही तरी समजवा त्यांना. पायांत अजून जीव आहे. दोन महिने मन लावून केलं तर काठी घेऊन चालतील, जिनासुद्धा चढतील हळूहळू. पण त्या पाय उचलूच देत नाहीत. आधी होत होतं, आता तेही कमी झालंय. उशीर केला तर मग काही खरं नाही."

सोन्या आत गेला. आईनं आधी दाराकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि त्याला खाली वाकायची खूण केली.

"ती पोरगी रोज येते मला उठवायला," ती कुजबुजली. "त्या घर घेणाऱ्यांचीच माणूस असणार. पण मी पक्की आहे. बोटसुद्धा हलवत नाही." मग तिनं विचारलं, "घराचं झालं का रे?"

सोन्यानं पांघरूण तिच्या पायांवर ओढलं.

"अजून नाही, आई. पडून राहा."

"राहते की," ती म्हणाली आणि डोळे मिटून कण्हायला लागली.