सोबत कोण?

डॉ. गिदोन भिंगारदिवे यांच्या राउंडला 'बेड नंबर नऊ' असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. नगरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात बावीस वर्षं ते मेडिसिनचे रेसिडेंट डॉक्टर घडवत होते, आणि घडवत होते म्हणजे सोलून काढत होते. तरी दरवर्षी नवा कोणीतरी सापडायचाच. त्या मंगळवारी पहिल्या वर्षाचा पार्थ सापडला.

"सर, बेड नंबर नऊ, न्यूमोनिया, ताप..."

"बेडला न्यूमोनिया झालाय?" सर म्हणाले. "मग सुताराला बोलाव. माझं काय काम?"

मागे उभे असलेले सगळे छताकडे बघू लागले. पार्थने घसा खाकरला.

"सर, अजिनाथबाबा. राहणार घोडेगाव. जनावरांच्या बाजारात दलाली करतात."

"सोबत कोण?"

"कोणी नाही, सर."

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे... मी, सर."

हा सरांचा नियम होता. आधी पेशंटचं नाव, मग गाव, मग सोबत कोण आहे ते, आणि आजार सगळ्यात शेवटी. ज्याच्यासोबत कोणीच नसेल, त्याला ज्या रेसिडेंटने दाखल करून घेतलं तोच त्याची सोबत. चहा हवा का ते त्याने विचारायचं, गावाकडे फोन त्याने लावायचा, आणि जाता-येता कॉटजवळ घटकाभर बसायचं, तेही स्टूल ओढून. उभ्याउभ्या केलेली चौकशी सर धरतच नसत. कॅंटीनमध्ये पोरं या नियमाच्या नकला करत, पण वॉर्डात मोडायची टाप नव्हती.

"सर, एक विचारू?" पार्थ धीर करून म्हणाला. "मनात नसेल तर? म्हणजे रात्रभर जागलेला माणूस वैतागलेला असतो, सर."

"तुझ्या मनात काय असायचं ते असो. तू जीव लावून बसलायस की नियम म्हणून बसलायस, हे पेशंटला कळता कामा नये. त्याला फरक कळला, की तू नापास."

यावर अजिनाथबाबांनीच तोंडावरचा मास्क बाजूला केला. "लई बोलू नका त्याला, डाक्टर. सकाळी च्या आनला हुता त्यानं. माजं पोरगं पुन्याला हाय, त्याला अजून यायला जमंना." मग दम घेऊन म्हणाले, "तुमच्यासंगं कोन असतं घरी?"

"राउंड चालू आहे, बाबा," सर म्हणाले, आणि पुढच्या कॉटकडे गेले.

घरी कोणी नव्हतं. ग्रेसबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलता एक नोहा टोरांटोला. दुपारी आणि संध्याकाळी डबा यायचा. सर तो टेबलावर उघडायचे आणि बातम्या लावून जेवायचे. बातम्या ऐकण्यासाठी नव्हे, कोणीतरी बोलत असावं म्हणून. पण हे ते कोणापाशी, अगदी स्वतःपाशीसुद्धा, कबूल करत नसत.

त्याच दुपारी फोन आला. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या एका संघटनेने निवासी डॉक्टरांच्या शिक्षणासाठी आणि विभागाच्या नेतृत्वासाठी यंदाचा पुरस्कार भिंगारदिवे सरांना दिला होता. येत्या रविवारी शिर्डीत, एका हॉटेलच्या हॉलमध्ये समारंभ. फोनवर संस्कृती नावाची आयोजकांतली एक मुलगी होती. अभिनंदन, येण्याची वेळ, जेवणाची सोय, सगळं सांगून झाल्यावर तिने सहज विचारलं, "सर, सोबत कोण येणार? पहिल्या रांगेत घरच्यांसाठी आपण दोन खुर्च्या ठेवतो."

बावीस वर्षं जो प्रश्न सरांनी दुसऱ्यांना विचारला, तो त्यांच्यावर असा उलटून आला. आणि उत्तर द्यायच्या वेळी त्यांनी नेमकं ते केलं, ज्यासाठी पार्थला त्यांनी उन्हात उभं केलं असतं. धडधडीत खोटं बोलले.

"दोघं येतील," ते म्हणाले.

आता दोघं आणायची कुठून? रात्री त्यांनी नोहाला फोन लावला. नोहाला मनापासून आनंद झाला. "पप्पा, मस्तच! लिंक पाठवा ना, मी लाइव्ह बघतो," तो म्हणाला. सर म्हणाले, पाठवतो. मग त्यांनी कोपरगावला धाकट्या बहिणीला, मार्थाला फोन केला. कोपरगाव ते शिर्डी म्हणजे हाकेचं अंतर. ती आणि तिचा नवरा, झाले की दोन.

"अरे दादा, रविवारी तर आपल्या नातवाचा बाप्तिस्मा," मार्था म्हणाली. "सगळ्या मंडळीला आमंत्रणं गेलीत. तुलाही केला होता ना फोन? तूच म्हणालास, रविवारी राउंड असतो, जमायचं नाही."

म्हणाले होते खरे. अगदी याच आवाजात. "हो हो, विसरलोच," सर म्हणाले. "बाळाला माझा आशीर्वाद सांग." आपण निमंत्रण झटकलं की समोरच्याला कसं वाटतं, ते त्यांना या वयात कळत होतं. त्यांना वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

गुरुवारी मात्र दैव स्वतःहून दारात आलं. पार्थ आणि शेवटच्या वर्षाची सृष्टी केबिनच्या दारात उभे राहिले. सृष्टी कोपरगावकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, अबोल. मागच्या वर्षी एक केस चुकीची मांडली म्हणून सरांनी तिला सगळ्यांदेखत तीन वेळा मांडायला लावली होती. त्यानंतर ती सरांसमोर कामापुरतंच बोलायची.

"सर, रविवारी आम्ही सगळे शिर्डीला येणार आहोत," पार्थ म्हणाला. "गाडीही ठरवलीय."

"सगळे? आणि वॉर्ड?"

"दुसऱ्या युनिटच्या सुरेखा मॅडम बघतील म्हणाल्यात, सर. अर्ध्या दिवसाचाच प्रश्न आहे."

"सत्कार माझा आहे. आजारी पेशंट आहेत. माझ्या गळ्यात हार पडतोय म्हणून त्यांनी दम लागायचा थांबायचं का? कोणीही वॉर्ड सोडून येणार नाही. गाडी रद्द करा."

"हो, सर," पार्थचं तोंड उतरलं. दोघं गेले. दार लागलं आणि सरांच्या लक्षात आलं की पहिल्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्या आत्ताच त्या दारातून चालत बाहेर गेल्या. 'बरं, तुम्ही दोघं या,' एवढंच म्हणायचं होतं. हाक मारली असती तर पोरं अजून जिन्यातच होती. पण ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं हा त्यांचा जन्माचा स्वभाव. त्यांनी हाक मारली नाही. शुक्रवारी संस्कृतीचे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत.

रविवारी सर एकटेच गाडी चालवत शिर्डीला गेले. ग्रेसबाईंनी घेतलेला निळा कोट घातला होता. तो आता खांद्यांवर सैल झाला होता. हॉल माणसांनी फुलला होता. पुण्याच्या एक बाई पुरस्कार घ्यायला आल्या होत्या, त्यांच्यासोबत नवरा, सासूबाई, दोन मुलं आणि एक शेजारीणही होती. संस्कृती धावत आली आणि तिने सरांना पहिल्या रांगेत नेलं. शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या. त्यांवर 'परिवार' असं छापलेले कागद चिकटवलेले.

"घरची मंडळी मागून येतायत का, सर?"

"वाटेत आहेत," सर म्हणाले. "नगर-मनमाड रस्ता तुम्हाला माहीतच आहे."

ऐकणारे सगळे हसले. त्या रस्त्याने आजवर लोकांची कंबरडी मोडली होती, कोणाची अब्रू राखायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली असेल.

सरांनी आपली बॅग एका खुर्चीवर ठेवली. दुसरीवर ठेवायला काही नव्हतं. कार्यक्रम सुरू झाला. एक स्वयंसेवक वाकून विचारून गेला, सर, खुर्ची रिकामी आहे का, मागे एक आजोबा उभे आहेत. "येतायत," सर म्हणाले, आणि म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवल्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला. पुण्याच्या बाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्यांची पोरं शिट्ट्या मारत उठली. सर टाळ्या वाजवत होते आणि मनात म्हणत होते, उठून जावं. पोट बिघडलं म्हणून सांगावं. डॉक्टरला आजार सुचायला किती वेळ लागतो? ते खरोखर बॅगेकडे हात नेणार, तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून कोणीतरी गुडघे चुकवत, सॉरी सॉरी म्हणत येताना दिसलं.

सृष्टी होती. चुरगळलेला कुर्ता, डोळे तांबारलेले, खांद्यावरच्या पिशवीतून स्टेथोस्कोपची नळी बाहेर लोंबत होती.

सरांच्या तोंडून पहिलं निघालं ते हेच: "वॉर्ड कोणाकडे आहे?"

"पार्थकडे, सर. प्रत्येक कॉटजवळ जाऊन चार्ज दिलाय. अजिनाथबाबांचा ताप उतरला, सकाळी भाकरी मागत होते." तिने दम घेतला. "माझी नाइट सकाळी संपली. आता माझी सुट्टी आहे, सर. वॉर्ड सोडून नाही आले. एसटीने आले."

यात चूक काढायला जागा नव्हती. सरांनी शोधून पाहिली.

संस्कृती लगबगीने आली. "आल्या का! तुम्ही सरांच्या कोण?"

"सोबत," सृष्टी म्हणाली.

"आणि दुसरे?"

"दुसरे ड्यूटीवर आहेत." एवढं बोलून ती रिकाम्या खुर्चीत बसली. 'परिवार' लिहिलेला कागद तिच्या पाठीमागे चुरगळला.

सरांचं नाव पुकारलं गेलं. मानपत्र वाचताना निवेदक म्हणाला, त्यांचे विद्यार्थी लिहितात, सरांनी आम्हाला आजार ओळखायला शिकवलं, पण त्याआधी आजारी माणसाजवळ बसायला शिकवलं. सर मान खाली घालून ऐकत होते. घोटून घोटून तयार केलेलं नेतृत्वावरचं भाषण खिशात होतं. माइकसमोर उभं राहून त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, तर सृष्टी झोपली होती. मान एका बाजूला कलंडलेली, तोंड किंचित उघडं, पिशवी पोटाशी धरलेली.

वर्गात कोणी डुलकी काढली तर खडू फेकणारा हा माणूस. पण तिला बघून त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी माइकपासून तोंड थोडं लांब नेलं आणि आवाज उतरवला. म्हणाले, "मी काही विशेष केलेलं नाही. पोरांनी रात्री जागून काढल्या, म्हणून मला पहाटे झोप लागली. आभारी आहे." आणि खाली उतरले. लोकांना वाटलं, सरांचा कंठ दाटला म्हणून आवाज बसला. खूप टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांनीच सृष्टी दचकून जागी झाली आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागली.

परत जाताना सरांनी तिला गाडीत घेतलं. राहाता मागे पडायच्या आत ती पुन्हा झोपली. मागच्या सीटवर स्मृतिचिन्ह प्रत्येक खड्ड्याला खडखडत होतं. राहुरीच्या अलीकडे एका गतिरोधकावर ती जागी झाली आणि ओशाळून सरळ बसली.

"का आलीस?" सरांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"शुक्रवारी संस्कृती मॅडमचा फोन वॉर्डात आला होता, सर. तुम्ही उचलत नव्हता म्हणून. खुर्च्यांवर लावायला तुमच्या घरच्या दोघांची नावं हवी होती त्यांना." ती थांबली. "मी म्हटलं, विचारून कळवते. मग वाटलं, कोणी येणार असतं तर सरांनी नावं कधीच दिली असती."

उसाची एक लांबलचक ट्रॉली पुढे चालली होती. ओलांडायला वाव नव्हता.

"ज्याच्यासोबत कोणी नसेल..." सृष्टी हळूच म्हणाली.

"नियम मला माहीत आहे."

"हो, सर."

पुढचा प्रश्न सरांच्या अगदी ओठावर आला. नियम होता म्हणून आलीस, पोरी, की यावंसं वाटलं म्हणून? एवढंच त्यांना कळायला हवं होतं. पुरस्कार नसता मिळाला तरी चाललं असतं, हे कळायला हवं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सोबत नसलेल्या पेशंटच्या कॉटशेजारी स्टूलवर बसताना तिचा चेहरा जसा असायचा, अगदी तसाच तो होता. दमलेला, शांत, समोरच्याकडे पूर्ण लक्ष असलेला. त्यांनी पुन्हा पाहिलं, निरखून पाहिलं. आयुष्यभर चेहऱ्यांवरून आजार ओळखले होते, पण या चेहऱ्यावरून त्यांना काही म्हणता काही ओळखता आलं नाही. आणि विचारून उपयोग नव्हता. ती जे उत्तर देईल तेही त्यांनीच शिकवलेलं असणार.

"पास," ते म्हणाले.

"काय, सर?"

"काही नाही. झोप तू. नगर यायला वेळ आहे."

ती खरंच पुन्हा झोपली. ट्रॉली एका वळणावर कारखान्याकडे वळली आणि पुढचा रस्ता मोकळा झाला. सरांनी गाडीचा वेग वाढवला नाही. तिची झोप मोडली असती, आणि घरी पोचायची त्यांना तशीही घाई नव्हती.