मी बंद व्हायचा राहिलो

मी कॉलर माईक बोलतोय. हरभऱ्याएवढा जीव, मागे हातभर वायर आणि टोकाला कमरेला अडकवायची डबी, ऐकलेलं सगळं साठवणारी. तीन रात्री दिपालीला झोप नाही आणि त्याला कारण मी आहे. बंद व्हायला हवं होतं तेव्हा मी चालू राहिलो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो, ठाऊक नाही. माझा पहिला मालक पनवेलला लग्नाचं शूटिंग करायचा. नवरदेवांच्या शेरवानीवर बसून मी कितीतरी छात्या धडधडताना ऐकल्या. मग नवा माईक आला आणि मी खोक्यात पडलो. तिथून दिपालीने मला उचललं. ती अलिबागला राहते, माहितीपट करते. 'करते' म्हणताना तिचा आवाज जरा खाली येतो, हे माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. माझे जादा सेल ती आपल्या चार वर्षांच्या लेकीच्या, अमिषाच्या खाऊच्या डब्यात ठेवते. पोरीच्या कानावर पडू नये म्हणून घरी फोनवर कुजबुजते, आणि हिचा धंदा दुसऱ्यांचं ऐकण्याचा!

फिल्म होती बंद पडलेल्या मिठागरांवर. पेणच्या खाडीकाठी वेणूबाईंनी तीस वर्षं मीठ ओढलेलं. दिपालीने मला त्यांच्या पदराच्या आत चिकटपट्टीने लावलं, मंगळसूत्र घासू नये म्हणून बाजूला सारलं आणि कागदावरचा प्रश्न विचारला, "मिठागराची आठवण येते?"

"येते तं. मीठ आमची आय हाय गो," वेणूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. कॅमेरा धरणारा सुजित खूश झाला.

जेवणाची सुट्टी झाली. पहिलं काम मला काढायचं असतं. पण नेमकी तेव्हाच अमिषाला शी लागली. दिपाली तिला घेऊन धावली. वेणूबाई मला पदरात घेऊनच मागच्या दारी गेल्या. तिथे शेजारची शकू भांडी घासत होती.

"काय गो, रडलीस म्हनं कॅमेऱ्यासमोर?" शकू हसली.

"रडाया काय लागता? पन तुना सांगते, बरा झाला मिठागर बंद झाला. पायाच्या भेगांत मीठ जायचा, रातभर आग. मना तं कदी आवडलाच न्हाय."

मी सगळं ऐकलं. ऐकण्यापलीकडे मला काही येतही नाही.

घरी फिल्म जोडताना दिपालीने ते ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. सुजित म्हणाला, "ताई, बाकीची फिल्म याच्यापुढे पाणचट आहे. हेच घे."

"न विचारता?"

"विचारलंस तर नको म्हणेल."

तेच तर तिला झोपू देत नव्हतं. घेतलं तर चोरी आणि टाकून दिलं तर अख्खी फिल्म खोटी. आई म्हणूनही हिचं सगळं असंच, दोन्हीकडून चूक.

आज चौथ्या दिवशी ती अमिषाला घेऊन पेणला आली. वेणूबाईंच्या कानाला हेडफोन लावून तिने ते ऐकवलं. मी टेबलावर होतो.

"चोरून आयकलास व्हय?"

"चुकून राहिला चालू. माझीच चूक. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसते."

वेणूबाईंनी हेडफोन काढला. "तू विचारलास, आठवण येते का. येते म्हनले. आवडायचा का, ता विचारलास कदी? तुमी एवढ्या लांबून आलाव, तुमाना रडका पायजे होता. दिला."

दिपालीच्या हातात प्रश्नांचा कागद चुरगळला. तो आवाज मी ओळखतो.

"ता शकूशी बोलले, ता शकूचा. ता पुसून टाक. मी तोंडावर सांगते," वेणूबाई म्हणाल्या. "लाव तुजा तो मनी." मनी म्हणजे मणी, म्हणजे मी.

दिपालीने तिथेच ते पुसलं आणि मला पुन्हा पदराला लावलं. माझी वायर आता तडकलीय, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. म्हणून एक विनंती, मला लावणाऱ्यांना. मी चालू आहे, हे समोरच्या माणसाला सांगत जा. जेवायच्या आधी, पोराच्या शीच्याही आधी मला काढा. मला स्वतःहून मिटता येत नाही.

माझ्या डबीवरचा लाल दिवा लागला. दिपालीने चुरगळलेला कागद उलगडून पाहिला आणि बाजूला ठेवला. वेणूबाई वाट बघत होत्या. अमिषा त्यांच्या गुडघ्याला टेकली आणि म्हणाली, "आजी, मग तुला काय आवडायचं?"