पहिलं बोट

आमच्या वैशाखऱ्याच्या पाड्यावर रीत आहे. मध गाळला की पहिलं बोट पोळं काढणाऱ्यानं चाटायचं, मगच बाटल्या भरायच्या. त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, लखमानं, बोट न चाटताच बाटल्या भरायला घेतल्या आणि माझं टाळकं सरकलं.

"पोळं कुठलं काढलं?" मी विचारलं.

"रानातलं."

"खोटं नका बोलू. भेंडीच्या शेताच्या बांधावर उंबर आहे, त्याच्यावरचं ना? काल मी लाकडांना गेले तवा खाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. परवाच तिथं औषध फवारलंय."

"मी साखर घातली का? गूळ घातला? शुद्ध मध आहे, सोमी. पाण्यात टाकून बघ, तळाला जातो का नाय."

"आणि औषध? ते दिसतं का पाण्यात?"

त्यानं पुढची बाटली ओढून घेतली. यंदा रानात पोळी मिळाली नव्हती, ते मलाही ठाऊक होतं. पण शहापूरचा व्यापारी दुपारी बाटल्या न्यायला येणार होता, आणि त्यानं दिलेल्या लेबलांवर हिरव्या पानाखाली छापलं होतं, 'सेंद्रिय. जंगलातला मध.'

मी पातेल्यात बोट बुडवलं आणि लखमाच्या तोंडापुढं धरलं. "चाटा. शुद्ध आहे ना?"

मधाचा थेंब त्याच्या गुडघ्यावर पडला. त्यानं मान फिरवली.

"सकाळपासून पोटात बरं नाय," तो म्हणाला, आणि लेबलं उचलून एकेक बाटलीवर अंगठ्यानं चेपून नीट, सरळ चिकटवू लागला.