न प्यालेली रम

ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. नेरूळ तेव्हा अर्धंच वसलं होतं. एका गल्लीत घरं, तर पलीकडच्या गल्लीत कमरेएवढं गवत आणि त्यात सिडकोची पाटी. संध्याकाळी खाडीवरून वारा आला की त्याच्या मागोमाग डास यायचे. अशा एका गल्लीत लष्करातून निवृत्त झालेले हवालदार सीताराम गमरे आणि त्यांची बायको मुक्ताबाई राहत. भिंतीला भिंत लागून इसाक मुकादमांचं घर. ते नौदलातून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको शरीफा मुक्ताबाईची जिवाभावाची शेजारीण.

दर महिन्याला ही चौघं मिळून मिलिटरी कँटीनला जायची. साबण, चहा, तेल, कधीमधी एखादा कुकर. रांगेतले बाकीचे निवृत्त जवान येत ते मुळी कार्डावर मिळणाऱ्या रमच्या महिन्याच्या कोट्यासाठीच. गमरे आणि मुकादम मात्र त्या खिडकीकडे फिरकत नसत. गमरे विहारात पौर्णिमेला लोकांना पंचशील देत. पाचवं शील, मद्य न घेण्याचं, ते जरा थांबून, एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणत. मुकादम पाच वेळचे नमाजी. म्हणून कँटीनचा मॅनेजर शहाजीराव एकदा म्हणाला होता की तुम्हाला दारूच्या कार्डाचा काय उपयोग, हरवून बसाल, माझ्याकडेच राहू द्या. दोघांनी देऊन टाकली. मुक्ताबाईला तेव्हा तो माणूस फार समंजस वाटला होता.

त्या वर्षी बोनकोड्याला नामा पाटलाकडे हळद होती. गमरे पहिल्यांदा इकडे आले तेव्हा नामाच्याच खोलीत भाड्याने राहिले होते, म्हणून जाणं भाग होतं. बोनकोड्याची हळद म्हणजे पुढच्या मांडवात गाव जेवणार आणि मागच्या पडवीत गाव पिणार. नामा भलताच खुशीत होता. मिलिटरीची बाटली नाचवत तो थेट गमऱ्यांपुढे आला.

"हवालदार, ही तुमचीच हाय बरं का."

गमऱ्यांना वाटलं, मिलिटरीची म्हणून म्हणतोय. तेव्हा नामाने फोड करून सांगितलं. कँटीनमधून बाटल्या येतात, आणि आणणारा सांगतो की नेरूळला दोन देवमाणसं आहेत, हा त्यांचा कोटा. मग डोळा मारून नामा म्हणाला, "वरून पुन्य, खालून पैसं. आमाला नाय जमलं असं कदी."

मुक्ताबाईने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं, यंदाचा उन्हाळा काही सुखाचा जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी चौघंही कँटीनला गेली. शहाजीरावाने नाकारलं असतं तर निदान भांडता आलं असतं. त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला, कार्डं टेबलावर ठेवली आणि अगदी समजुतीच्या सुरात विचारलं, "आवं हवालदार, तुमी तर पीतच न्हाई. मग तुमचं गेलं काय?"

गमऱ्यांनी कार्डं उचलली आणि सगळे बाहेर पडले. परतीच्या बसमध्ये त्यांना एकापाठोपाठ एक उत्तरं सुचत गेली आणि ती सगळी मुक्ताबाईला ऐकावी लागली. मुकादमांचं म्हणणं पडलं की सोडून द्यावं, आपण पीत नाही हे अल्लाला ठाऊक आहे.

"अल्लाला ठाऊक हाय हो," शरीफा म्हणाली, "पन बोनकोड्याला कोन सांगनार?"

मग तक्रार गेली. चौकशीला एक कर्नलसाहेब नेमले गेले. आता चोर सापडेल अशा आशेने गमरे इस्त्रीचे कपडे घालून गेले, आणि आले ते कपाळाला हात लावून. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. तुमच्या कार्डावर दारू उचलली गेली आहे. तुम्ही प्यायला नाहीत हे आधी सिद्ध करा, मग पुढचं बघू.

मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्यालेल्या माणसाचा पुरावा रस्त्यावर पडलेला सापडतो. न प्यालेल्याचा कुठून आणायचा? न जेवलेल्याला ढेकर देऊन दाखव म्हणण्यातलाच हा प्रकार.

गमरे सरळमार्गी. ते विहाराच्या चिटणीसांकडे गेले आणि आपण निर्व्यसनी असल्याचा दाखला मागितला. तो कशासाठी हवा, तेही त्यांनीच सांगितलं. आठवडा गेला नसेल, बायका नळावर मुक्ताबाईला बघून बोलणं थांबवू लागल्या. मग चिटणीस घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले की चौकशीचा निकाल लागेपर्यंत पंचशील दुसऱ्या कोणी द्यावं, बुद्धपौर्णिमेलाही. चहा न घेताच जय भीम करून निघून गेले.

गमऱ्यांनी पौर्णिमेसाठी खळ घालून ठेवलेला पांढरा सदरा पुन्हा ट्रंकेत ठेवला. "उभ्या नोकरीत नावाला डाग नाही लागला, मुक्ता," ते म्हणाले. "आता न पिता दारुडा झालो."

त्यांचा आवाज इतका बारीक तिने कधी ऐकला नव्हता.

गल्लीचं आणखी निराळंच. चौकशी चालू म्हणून कँटीनची रमची खिडकी बंद ठेवली होती. निवृत्त मंडळी चोरावर नाही, गमऱ्यांवर चिडली. कोपऱ्यावरचे सुभेदार येताजाता ऐकवायचे की न पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांच्या तोंडचा घास काढला. टँकर आला की मुक्ताबाईच्या बादल्या आपोआप रांगेच्या शेवटी सरकलेल्या असायच्या.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी, मिलिटरीचा ट्रक गल्लीत शिरला. जवानांनी एक जड खोकं गमऱ्यांच्या दारात ठेवलं, एक मुकादमांच्या. आत रम होती. सोबतच्या कागदावर चौकशीचा निकाल होता. कँटीनच्या मालात तूट सापडली होती, ती भरून काढली होती आणि तक्रारदारांना त्यांचा हक्काचा कोटा घरपोच देण्यात येत होता. दोषी म्हणून कोणाचंच नाव नव्हतं. शहाजीरावाची बदली झाली होती, आणखी मोठ्या कँटीनवर.

अख्खी गल्ली ओट्यांवर उभी. गमरे खोक्याकडे असे बघत होते जणू कोणी प्रेत आणून ठेवलंय. जवान बिचारा पोचपावती पुढे करत अदबीने म्हणाला की घेतलं नाही तर तक्रार खोटी होती असं धरलं जाईल.

"सही करा," मुक्ताबाई म्हणाली.

"मी? दारूच्या कागदावर?"

"करा. आणि खाली लिहा, बाटल्या मिळाल्या, सील शाबूत."

त्यांनी लिहिलं. ट्रक वळायच्या आत तिने खोकं हातगाडीवर चढवायला सांगितलं. शरीफाने आपलंही पुढे ढकललं. "माजंबी घेऊन जा, मुक्ताबाय. मशिदीत तर नेता येनार नाय."

विहारात पताका लावणं चाललं होतं. मुक्ताबाईने पहिली बाटली चिटणीसांच्या हातात ठेवली. "सील बघा. तुम्ही दाखला दिला नाहीत, सरकारने दिला." मग टोपण फिरवून तिने बाटली गटारात उलटी केली. शरीफा पदराने नाक दाबून मदतीला उभी राहिली. मागून आलेले सुभेदार काकुळतीने म्हणाले, "वहिनी, निदान एक तरी..." कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेवटच्या बाटल्या चिटणीसांनी स्वतः ओतल्या, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यात गमऱ्यांनीच पंचशील दिलं. पाचव्या शीलाला ते नेहमीसारखे थांबले, तेवढ्यात गटारावरून वारा आला आणि विहारभर रमचा वास दरवळला. मुक्ताबाईला हसू आवरेना, नि डोळेही पुसावे लागले.

शहाजीराव त्या मोठ्या कँटीनवरून हारतुरे घेऊन निवृत्त झाला आणि कामोठ्याला दोन फ्लॅट घेऊन राहिला. कर्नलसाहेबांचं पुढे काही कळलं नाही. नामा पाटलाने जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग उठवली. गमऱ्यांनी कोटा विकला नव्हता यावर त्याचा मरेपर्यंत विश्वास बसला नाही; हवालदाराने आपल्याला युक्ती सांगितली नाही, एवढीच त्याची तक्रार. इसाकभाई झोपेतच गेले. शरीफा पनवेलला मुलाकडे, रायानकडे असते, आणि ईदला शिरखुर्मा न चुकता येतो. गमरे दर महिन्याला कार्ड घेऊन रमच्या खिडकीशी रांग लावत आणि आपला कोटा समोर खोडून घेत. शेवटच्या आजारापर्यंत त्यांनी तो नेम सोडला नाही.

आता विधवा म्हणून मुक्ताबाईच्या नावाचं कार्ड आहे, मशीनमध्ये घालायचं. खिडकीतला माणूस विचारतो, "आजी, तुमचा कोटा आहे. घेणार?" ती नको म्हणते, पण हलत नाही. मशीनवर 'नाही' उमटलेलं दाखव म्हणते. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.