गोल नसलेली खुर्ची

"बाबा, पुरे आता! सुटू द्या गाडी."

बाबांनी मान वर केली नाही. पुलापलीकडच्या मोठ्या देशाचा नवा कर दुपारी बाराला लागू होणार होता. त्याआधी खुर्च्यांच्या गाडीनं सीमेवरचा नाका ओलांडला तर ठीक, नाहीतर माल घेणार नाही, असं तिकडच्या व्यापाऱ्यानं साफ कळवलं होतं. त्यांची मुलगी कारखान्याच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळायची, बाबा खुर्च्या तपासायचे. खुर्ची उलटी करायची, चारही पायांवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान द्यायचा, मग बैठकीखाली पेन्सिलीनं बारीकसा गोल. एकतीस वर्षांत गोलाशिवाय खुर्ची बाहेर गेली नव्हती.

"तेवीस राहिल्यात," बाबा म्हणाले.

"कोण बघतंय तिकडे उलटी करून?"

"मी बघतो ना इकडे."

ड्रायव्हर कंटाळून हसला. "मामा, ते आपल्याला उलटं टांगायला निघालेत आणि तुम्ही खुर्च्या उलट्या करत बसलाय!"

"आपणही लावावा दुप्पट कर," रंगारी तावातावानं म्हणाला. "कळू दे एकदा."

"आणि करवतीची पाती कुठून आणशील? सासरहून?" मिस्त्रींनी विचारलं. "पाती त्यांचीच येतात. ती महागली की आपलेच हात बांधले."

"मग काय, मान खाली घालून गप बसायचं?"

"गप नाही. दुसरी गिऱ्हाइकं शोधायची."

"तोवर खायचं काय?"

मिस्त्रींनी पुढची खुर्ची बाबांकडे सरकवली. बाबा पुटपुटले, "कर त्यांचा. खुर्ची आपली."

शेवटून तिसऱ्या खुर्चीचा एक पाय बद्द वाजला. वरून तडा दिसत नव्हता. बाबांनी ती बाजूला ठेवली, गोदामातून दुसरी मागवली, तीही उलटी केली. मुलगी दारात घड्याळाकडे बघत उभी होती.

बारा वाजून चार मिनिटांनी गाडी नाक्यावर पोचली आणि संध्याकाळी भरलेलीच परत आली. दोन महिन्यांनी कारखाना बंद झाला. तो तसाही झाला असता, असं मिस्त्री म्हणायचे. बाबांना कुणी शब्दानं दुखवलं नाही. फक्त त्या संध्याकाळी, परतलेल्या गाडीपाशी ती बोलून गेली होती, "एका खुर्चीपायी, बाबा!"

बाजूला काढलेली खुर्ची बाबांनी घरी आणली, पायात सरस भरून दोरीनं आवळली आणि पुढची नऊ वर्षं खिडकीपाशी तिच्यावरच बसले. तो शब्द मागे घ्यायचा, असं ती दर वेळी घरी आली की ठरवायची. मग चहा व्हायचा, आणि निघायची वेळ व्हायची.

बाबा गेल्यावर पाहुणे पांगले. खोली झाडताना तिनं ती खुर्ची उलटी केली. बैठकीखाली गोल नव्हता. पेन्सिल तर तिथेच, खिडकीत होती. तिनं चारही पायांवर पेरानं टकटक केली. एक पाय अजून बद्दच वाजत होता.

तिनं खुर्ची सरळ केली, पुन्हा खिडकीपाशी ठेवली, आणि बसताना त्या पायावर भार येणार नाही अशी जरा बाजूला सरकून बसली.