पेजेचा वाडगा

"शंभर जीव वाचणार असतील, तर एकाला चार फटके दिले म्हणून काय आभाळ कोसळतं?" प्योकाका सूप भुरकत म्हणाले.

मला रागच आला. "काका, तुम्ही ट्रॅफिक हवालदार, उभा जन्म चौकात शिट्ट्या फुंकल्या. फटक्यांचं तुम्हाला काय ठाऊक? गप जेवा."

विषय निघाला होता कोपऱ्यात बसलेल्या दोगिल आजोबांमुळे. त्र्याऐंशी साली त्यांना उत्तर कोरियाचा हेर ठरवून पोलिसांनी आमच्या मागच्या गल्लीतल्या चौकशीच्या विटांच्या इमारतीत बारा दिवस ठेवलं होतं. कागदोपत्री लिहिलंय, 'आरोपीने सूपभात पोटभर खाल्ला व राजीखुशीने कबुली दिली.' तो सूपभात आमच्याच खानावळीतून जायचा. सासूबाई डोक्यावर ताट घेऊन फाटकापाशी पोचवायच्या, आणि नंतर भांडी परत आणायच्या. आता उद्या त्या खटल्याची फेरसुनावणी होती.

"ताई, भांडी कशी परत यायची, तेवढंच कोर्टात सांगा," आजोबा सासूबाईंना म्हणाले. "मला हेर म्हणून मरायचं नाही."

सासूबाई मुळा चिरत होत्या. "मला नाही बाई काही आठवत."

चक्क खोटं! सगळ्या गल्लीतल्या पोरांच्या जन्मतारखा तोंडपाठ असलेली बाई ही.

"बरं. पाचव्या दिवशी कुणी न मागता पेज आली होती. ती कुणी पाठवली, एवढं तरी?"

सुरी थांबली.

"वाडगे भरलेलेच परत यायचे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्याच हातचं बिघडलं. हाडं आणखी उकळली, भात मऊ केला. तरी तेच. मग पेज दिली, तर वाडगा चाटूनपुसून आला. तेव्हा कळलं, आतल्या माणसाला चावता येत नाहीये. कळलं, तरी दुसऱ्या दिवशी मी ताट उचलून गेलेच. मारणाऱ्यांनाही वाढलं, तुम्हालाही. चाळीस वर्षं तोंड शिवून बसले. आता कोर्टात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

प्योकाकांचा आवाज उतरला होता. "हे हेर नव्हतेच ना पण. निरपराध माणसाला मारलं, ते वाईटच."

"आणि असतो तर?" आजोबांनी विचारलं.

काकांनी चमचा खाली ठेवला. खरं सांगते, मनात मी काकांच्याच बाजूला सरकले होते.

"असता तरी मी पेजच पाठवली असती," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "यॉनसुक, माझा निळा कोट काढून ठेव गं. उद्या लवकर निघायचंय."

त्या उठून तांदूळ धुवायला लागल्या. आजोबा हसले. "ताई, आता पेज नको. कवळी बसवलीये. सूपच द्या, आंबवलेल्या मुळ्याच्या किमचीसकट."

सासूबाईंनी स्वतः वाढलं आणि समोर बसून राहिल्या. आजोबा मुळ्याचा एकेक तुकडा कडाकडा चावत होते. काकांनी आपल्या वाटीतली किमचीही त्यांच्याकडे सरकवली.

शेवटचा घोट पिऊन आजोबांनी वाडगा सासूबाईंकडे कलता करून दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आत पाहिलं, आणि एप्रनला डोळे पुसत म्हणाल्या, "थोडं आणखी वाढते."