चालणारं कुंकू

माझी धाकटी जाऊ तारामती, हिला गप्प कुठं बसावं ते कुणी शिकवलंच नाही. घरातली गोष्ट घरात ठेवायची सोडून हिनं अख्खं नायगाव आमच्या अंगणात आणून बसवलं.

झालं होतं एवढंच. माझी नात वैष्णवी लातुरात क्लासला. एका खोलीत सहा पोरी, रोज परीक्षा. महिनाभर केसांना फणी नाही; बुचडा बांधायचा नि पुस्तकात डोकं घालायचं. घरी आली तेव्हा मागचे केस दोरखंडासारखे चिकटलेले.

"अगं बाई, जट! यल्लम्मा आली!" म्हणत तारामतीनं तिच्या डोक्यावर कुंकू वाहिलं नि उदगीरहून शरणप्पा देवरुषी बोलावला.

शरणप्पानं डोळे फिरवले. "कातर लावाल तर घर बसंल! क्लास बंद. पोरगी यल्लम्मा आईला सोडा, जोगतीण म्हणून. पुरावा पायजे? ही बघा आईची पावलं!"

माणसं वाकली. खरंच की! जटेवर कुंकवाचे ठिपके चालत होते. एक कानाकडं, दोन मानेकडं. बायकांनी गालावर मारून घेतलं. वैष्णवी रडत होती. "आज्जी, परीक्षेला बाराच दिवस राहिलेत गं."

मी चौथी नापास. पण चार पोरींची डोकी विंचरलेली बाई. चष्मा लावला, कानाकडं निघालेलं पाऊल चिमटीत धरलं, नखावर ठेवून दाबलं. टच्च!

"अक्का! देवीला मारलंस?" तारामती किंचाळली.

दुसरं पाऊल मी तळहातावर घेतलं. "देवीला सहा पाय असतात का गं? मोज."

शेजारच्या पारूबाईनं वाकून बघितलं नि तोंडाला पदर लावला. "ऊ हाय की ही! अंगाला कुंकू लागलेली!"

"आई कोणत्याबी रूपात येते," शरणप्पा पुटपुटला.

"मग ने की तुझ्या डोक्यावर!" मी हात पुढं केला. पटका सावरत जो उठला, तो फाटकाबाहेरच दिसला.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, पेडिक्युलोसिस. ते ऐकून तारामतीनं लगेच हात जोडले. "एवढं मोठं नाव! काहीतरी असणारच."

बाई हसल्या. "मावशी, डोक्यात उवा झाल्या की त्याला असं म्हणतात. खाजवून जखमा झाल्या, त्यातलं पाणी वाळून केस चिकटले. खोलीतल्या सगळ्या पोरींना औषध लावायला सांगा."

जट कापली. वैष्णवीनं हलक्या मानेवरून हात फिरवला नि तिथूनच लातूरची एसटी धरली.

मग मी जावेला म्हणाले, "तारामती, उवा कुणालाबी होतात, त्यात लाज न्हाई. पोर तुझ्यासमोर डोकं खाजवून रडत होती, तुला देवी दिसली नि पोर दिसली न्हाई, लाज त्याची वाटू दे. यापुढं काहीबी हाललं तर आधी जवळ जाऊन बघायचं. हात जोडायची घाई मग कर."